चेन साफ करताना इंजिन बंद

मोटरसायकलची चेन साफ करायची असेल तर आधी इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि गाडी न्यूट्रल करा. बाकीचं पुढे सांगतोच, पण कुणी एवढंच वाचून पान उलटलं तरी माझं काम झालं.

हे इतक्या तळमळीने सांगण्याचं कारण माझा भाचा. खंडेनवमीची सकाळ होती. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुसून पूजेला मांडतात आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा म्हणून घरोघरी गाड्या धुतल्या जातात. चिपळूणला ताईच्या अंगणात भाच्याने गाडी डबल स्टँडला लावली होती, चेनचं कव्हर उतरवलं होतं. इंजिन चालू, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, मागचं चाक आपोआप फिरतंय आणि हा खालच्या बाजूला चिंधी धरून बसलेला. मी ओरडलो, तर म्हणाला, "मामा, पाच मिनिटांत होतंय. हाताने फिरवत बसलो तर तासभर जाईल." मी फाटकातून आत येईपर्यंत चिंधी चेनमध्ये अडकली होती आणि चिंधीबरोबर बोटंही. उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं, मधल्या बोटाला टाके पडले. चांगला सावध पोरगा आहे. गाडीही जपून चालवतो. ही पद्धत त्याला मित्रांनी दाखवली होती आणि त्या मित्रांची बोटं आजवर शाबूत होती, एवढंच.

चाक संथ फिरताना दिसतं म्हणून माणूस फसतो. आपल्याकडे सर्वात जास्त दिसणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीचं गणित मांडून पाहा. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये हा वेग मागच्या चाकापर्यंत येता येता जवळपास चाळीसपट कमी होतो. म्हणजे चाक मिनिटाला ३५ वेळा फिरतं आणि चेन सेकंदाला साधारण एक फूट सरकते. तिसऱ्या गिअरमध्ये हेच दोन-अडीच फूट होतं. काहीतरी अडकलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला किमान पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चेन पहिल्या गिअरमध्ये तीन इंच आणि तिसऱ्यात सहा-सात इंच पुढे गेलेली असते. भाच्याचा हात स्प्रॉकेटपासून चार बोटांवर होता.

दुसरी गोष्ट जोराची. गिअरमध्ये वेग जितक्या पटीने घटतो, जवळपास तितक्याच पटीने चाक फिरवणारा जोर वाढतो. घाटात दोन माणसं आणि सामान वर ओढून नेणारा हाच जोर. बोट मध्ये आलं म्हणून इंजिन अडखळत नाही, बंद पडत नाही. जात्यात दाणा ओढला जावा तसं बोट दातांवर ओढलं जातं. हातमोज्यांचाही भरवसा धरू नका. चालत्या चेनजवळ सैल हातमोजा म्हणजे आणखी एक चिंधीच.

मी कामानिमित्त कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जात-येत असतो. पावसाळ्यात तांबडा चिखल, उन्हाळ्यात धूळ, त्यामुळे चेनची निगा राखणं मला भागच आहे. एक सांगतो, हाताने चाक फिरवून चेन साफ करायला तासभर लागत नाही. वीसेक मिनिटं पुरतात.

चाक कोणत्या दिशेने फिरवायचं यालाही अर्थ आहे. गाडी पुढे जाते तेव्हा चेनचा खालचा भाग मागच्या स्प्रॉकेटकडे जातो आणि त्याच्या दातांत शिरतो. खालच्या भागावर चिंधी धरून चाक पुढे फिरवलं, तर चिंधी दातांकडे ओढली जाते. चाक उलटं, म्हणजे मागच्या दिशेने फिरवलं, तर चेन मागच्या स्प्रॉकेटमधून बाहेर पडते आणि चिंधी दातांपासून लांब जाते. म्हणून खालच्या भागाच्या मधोमध काम करायचं आणि चाक उलटंच फिरवायचं. तेही दोन्ही कामं एकदम करायची नाहीत. आधी हातभर चेन पुसायची, हात बाजूला घ्यायचा, मग चाक पुढच्या टप्प्यापर्यंत फिरवायचं. हाताने गरकन फिरवलेल्या जड चाकातही बोट चेंगरण्याइतका जोर असतो. आणि आजूबाजूला लहान मूल असेल तर काम तिथेच थांबवा. फिरणारं चाक दिसलं की पोरं हात घालतातच.

काय साफ करायचं हे कळायला चेन आतून कशी असते ते माहीत हवं. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये जिचं पेटंट घेतलं, ती बुश आणि रोलरची चेन. आजही आपल्या गाड्यांवर मूळ रचना तीच आहे. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. चेन झिजते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी शंभराहून जास्त कड्यांमध्ये मिळून चेन लांब होते, सैल पडते आणि स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसेनाशी होते. मग दातही आकड्यासारखे वळतात. तोवर थांबलात तर नुसती चेन बदलून भागत नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट सगळा सेट घालावा लागतो. जुन्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते.

मोठ्या, उघड्या चेनच्या बऱ्याच गाड्यांना ओ-रिंगची चेन असते. पट्ट्यांच्या मध्ये बारीक रबरी कडी दिसतात, ती पिनभोवतीचं ग्रीस आत कोंडून ठेवतात. ही रबरं गेली की आतलं ग्रीस गेलं, आणि ते बाहेरून पुन्हा भरता येत नाही. म्हणून या चेनला पेट्रोल लावायचं नाही, तारेचा ब्रश घासायचा नाही, प्रेशरच्या पाण्याचा झोत अगदी जवळून मारायचा नाही. पेट्रोल तर कुठल्याच चेनला नको, आग लागायला एक ठिणगी पुरते. पूर्वी रॉकेल वापरायचो, ते आता सहज मिळत नाही. ओ-रिंगला चालतं असं डब्यावर लिहिलेला चेन क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश घ्यावा. साध्या चेनला चिंधीवर थोडं डिझेल घेऊन पुसलं तरी चालतं, पण टायरवर थेंब पडता कामा नये. पूर्ण कव्हरातल्या चेनला ही कसरत वारंवार करावी लागत नाही. कव्हराचं रबरी बूच काढून चेन अधूनमधून बघायची आणि तेल द्यायचं.

चेन आधी, चाक नंतर, हा क्रम सोडू नका. चेनचा काळा मळ उडून रिमवरच बसतो. चाक आधी चकाचक केलंत तर ते दुसऱ्यांदा धुवावं लागणार. आमच्याकडचा तांबडा चिखल वाळला की कोरड्या फडक्याने खरवडू नये, त्यातली बारीक रेती अलॉयवर ओरखडे पाडते. पाणी मारून भिजू द्यावा, मग गाडी धुण्याच्या शाम्पूने आणि मऊ ब्रशने काढावा. टॉयलेट धुण्याचं ॲसिड काहीजण वापरतात, त्याने अलॉयचा रंग आणि चमक कायमची जाते. घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेली असते. तिच्यावर लगेच थंड पाणी ओतू नका, आधी चहा घ्या.

गुहागर, मुरुड, अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी फिरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घरी पोचल्या पोचल्या गोड्या पाण्याने चाकं धुवा, रात्रभर तशीच ठेवू नका. खारं पाणी तारांच्या चाकात जिथे तार रिमला मिळते तिथल्या निपलमध्ये साचतं. गंज तिथूनच सुरू होतो आणि पुढे तार तुटते. तारा एकेक करून बोटाने वाजवून बघाव्यात. सैल तारेचा आवाज बोदा येतो.

वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन झाली की बऱ्याच ठिकाणी विचारतात, "चमकायला डिझेल मारू का?" ठाम नाही म्हणा. तो फवारा टायरवर आणि डिस्कवरही जातो. टायर पॉलिशचंही तेच. चारचाकी सरळ उभी राहून वळते, दुचाकी झुकून वळते, आणि झुकल्यावर टायरची नेमकी तीच कड रस्त्याला टेकते जिथे पॉलिश ओघळलेलं असतं. डिस्कवर तेलकट काही लागलंच तर ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने लगेच धुवा. ब्रेकच्या पॅडने तेल शोषलं असेल तर पॅड बदला, घासून-पुसून त्याचा भरवसा येत नाही. चाकं धुतल्यावर गल्लीतच हळू चालवून ब्रेक हलके दोन-चारदा दाबून सुकवावेत. ड्रमच्या ब्रेकमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पहिल्या दाबाला गाडी थांबत नाही.

चेनला तेल मात्र सगळ्यात शेवटी, सगळं कोरडं झाल्यावर. थोडी फिरवून आणलेली, कोमट चेन असेल तर उत्तम. चेन स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, जे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल ते. खालच्या भागाच्या आतल्या बाजूवर द्यायचं, म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने फेकलं जात पूर्ण कडीत पसरतं. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लावतात, पण त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते, आणि आपण चेन साफ केली ती चुरा घालवायलाच. तेल दिल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवायची आणि सकाळी वरचं जादा तेल पुसायचं. नाहीतर ते मागच्या टायरवर उडतं. सामान्य रस्त्यावर दर ५०० किलोमीटरला हे करावं, पावसात आणि धुळीत त्याहून लवकर.

चेनचा ढिलेपणा खालच्या भागाच्या मधोमध वर-खाली करून मोजतात. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो, पण आपल्या पुस्तिकेतला आकडाच खरा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सर्वात घट्ट जागेवर माप बसलं पाहिजे. कडक चेन चांगली, ही समजूत चुकीची आहे. खड्ड्यात मागचं चाक वर उचललं जातं तेव्हा चेन आणखी ताणली जाते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. फार सैल चेन दातांवरून उडते आणि चाकात अडकली तर चाक जागीच जाम होतं. जोडकडीला चेन लॉक असेल तर तोही बघा. चेनच्या वरच्या भागात तो आला की त्याचं बंद टोक गाडीच्या पुढच्या दिशेला हवं.

साफसफाईसाठी काढलेलं साडी गार्ड परत लावायला विसरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमात मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे. देखणेपणासाठी ते काढून टाकणाऱ्यांनी मागे बसणारीच्या ओढणीचा विचार करावा. हार घालतानाही टोकं नीट बांधा, लोंबता दोरा पुढच्या चाकात जातो.

आणि कुणाचं बोट अडकलंच तर इंजिन चालू करून सोडवायला जाऊ नका. गाडी न्यूट्रल करून चाक हाताने हळूहळू उलटं फिरवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा, अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. हळद, चुना, तेल काही लावू नका. तुटलेला भाग मिळाला तर ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट त्या भागाला लागू देऊ नका. भाच्याच्या वेळी आम्ही चेनमध्ये अडकलेला तुकडा शोधण्यात बराच वेळ घालवला. एकाने शोधावं आणि दुसऱ्याने जखमीला घेऊन लगेच निघावं, पिशवी मागून पोचवता येते. निघताना फोन करून त्या दवाखान्यात हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत का ते विचारा, नसतील तर थेट मोठ्या रुग्णालयाची वाट धरा.