एका किल्ल्याचें गांठोडें

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलानें अंगणांत मातीचा किल्ला न करितां संगणकांत किल्ला बांधिला. अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर कंपनीनें १९९६ सालीं 'क्वेक' नांवाचा जो खेळ प्रसिद्ध केला, त्याच्या आधारें त्यानें तट, बुरूज व चोरदरवाजा रचिला. मूळ खेळांत मारामारी फार. ती काढून त्यानें अंधाऱ्या तळघरांतून पणत्या शोधून आणण्याचा खेळ घातला. एखाद्या खेळांत त्याच्या चाहत्यांनीं केलेल्या अशा फेरबदलास 'मॉड' म्हणतात.

शाळेच्या प्रदर्शनासाठीं मूळ खेळाची प्रत रीतसर विकत घेतलेली होती. मुलाच्या घरच्या संगणकावर विंडोज, तर शाळेंतील संगणकांवर लिनक्स. घरीं सुरळीत चालणारा किल्ला शाळेंत उघडेना. पाहुणे आले, क्षणभर थांबले व पुढें गेले. मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. आणि आम्ही, त्याचे शिक्षक, "संगणक बिघडला असेल," एवढेंच म्हणून मोकळे झालों. दुसरे दिवशीं आम्हीं दोघांनीं शोध केला, तेव्हां संगणक निर्दोष ठरला. दोष होता एका अक्षराचा. तो सांगण्यापूर्वीं गांठोडें कसें बांधितात तें पाहूं.

मॉडमध्यें अनेक फाइली असतात. त्या एकत्र करून लहान आकारांत बांधण्याची 'झिप' ही रीत फिल कॅट्झ यांनीं १९८९ सालीं प्रचारांत आणिली. तिच्यांत सामान्यतः दोन युक्त्या असतात. आपल्या गायनाच्या पुस्तकांत धृपद एकदांच छापितात व प्रत्येक कडव्याखालीं 'धृ०' एवढीच खूण करितात. त्याचप्रमाणें पूर्वीं येऊन गेलेला मजकूर पुन्हां न लिहितां, 'इतकें मागें जा व इतकीं अक्षरें घे' अशी खूण ठेविली जाते. ही कल्पना अब्राहम लेम्पेल व जेकब झिव यांची, १९७७ सालची. दुसरी युक्ति डेव्हिड हफमन यांची, १९५२ सालची: जें चिन्ह वारंवार येतें त्यास आंखूड संकेत, जें क्वचित् येतें त्यास लांब संकेत. उघडतांना मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. एक अक्षरही उणें होत नाहीं. मात्र जीं चित्रें वा ध्वनि आधींच आवळलेले असतात, ते झिपमध्यें आणखी फारसे लहान होत नाहींत.

आतां डाऊनलोड. झिपमधील फाइलींची यादी गांठोड्याच्या शेवटीं असते. उतरवून घेतांना जोडणी मध्येंच तुटली, तर आरंभींचा पुष्कळ भाग येऊनही गांठोडें उघडत नाहीं. शिवाय प्रत्येक फाइलीबरोबर एक पडताळ्याचा आंकडा ठेविलेला असतो. उघडल्यावर तो जुळला नाहीं तर वाटेंत बिघाड झाला असें समजावें व फाइल पुन्हां आणावी. खटपट करून ती चालविण्यांत अर्थ नाहीं.

गांठोडें सोडल्यावर मॉडचें फोल्डर मूळ खेळाच्या 'आय-डी-एक' या फोल्डरांत नव्हे, तर त्याच्या शेजारीं ठेवावें, आणि खेळ सुरू करतांना त्या फोल्डराचें नांव द्यावें. पुष्कळ वेळां सोडतांना फोल्डरांत पुन्हां त्याच नांवाचें फोल्डर तयार होतें. मग खेळास बाहेरचें घर सांपडतें, पण आंत कांहींच दिसत नाहीं. हें प्रथम तपासावें.

आमच्या विद्यार्थ्याचें फोल्डर योग्य जागीं होतें. पण किल्ल्याच्या फाइलीच्या नांवांतील पहिलें रोमन अक्षर त्यानें कॅपिटल लिहिलें होतें, आणि खेळाच्या आज्ञेंत तेंच नांव लहान अक्षरांत होतें. विंडोज हा भेद मानीत नाहीं, लिनक्स मानतें. त्याच्या लेखीं तीं दोन निराळीं नांवें. आपल्या देवनागरींत असा भेदच नसल्यामुळें तो आपल्या डोळ्यांस चटकन खुपत नाहीं. म्हणून मॉडमधील सर्व नांवें लहान रोमन अक्षरांत, मध्यें जागा न सोडतां लिहावीं. तें एक अक्षर बदलतांच किल्ल्याचा दरवाजा उघडला.

तथापि मुख्य गोष्ट पुढेंच आहे. लिहिलेला खेळ निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मुळांत चालतो तरी कसा? क्वेकचे कर्ते जॉन कारमॅक यांनीं खेळाचे नियम 'क्वेक-सी' या स्वतंत्र भाषेंत ठेविले. ते नियम कोणत्याही एका यंत्राच्या बोलींत उतरत नाहींत. इंजिन ते वाचून त्या त्या यंत्रास समजावितें. म्हणून १९९६ सालचा मॉड, ज्या संगणकांचा तेव्हां जन्मही नव्हता त्यांवर आजही चालूं शकतो. १९९७ सालच्या 'क्वेक दोन' मध्यें वेग मिळावा म्हणून नियम थेट यंत्राच्या बोलींत लिहिले गेले. तेव्हां विंडोजसाठीं एक फाइल व लिनक्ससाठीं दुसरी, असें वेगवेगळें काम मॉड करणारांस पडलें. १९९९ सालच्या 'क्वेक तीन' मध्यें पुन्हां मधल्या बोलीची सोय झाली.

त्याच १९९९ सालीं कंपनीनें पहिल्या क्वेकच्या इंजिनाचा मूळ मजकूर जी.पी.एल. परवान्याखालीं सर्वांस खुला केला. त्यामुळें क्वेकस्पाझमसारखीं नवीं इंजिनें होऊन तो खेळ विंडोज, लिनक्स व मॅक या तिहींवर चालतो. परंतु खेळांतील मूळ चित्रें, ध्वनि व नकाशे त्या परवान्यांत आले नाहींत. सबब आपल्या गांठोड्यांत केवळ आपलें काम बांधावें. दुसऱ्याची मालमत्ता त्यांत घालूं नये.

आमच्या विद्यार्थ्यानें गांठोडें नव्यानें बांधिलें, सोबत चार ओळींची सूचना लिहिली, आणि वर्गांतील मित्रांस दिलें. यंदा तो नवें काम पुरें झालें असें म्हणण्यापूर्वीं दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहतो. आम्हीही एक धडा घेतला: मुलाचें काम बंद पडलेलें दिसलें तर यंत्रावर दोष टाकून पुढें न जातां त्याच्या शेजारीं बसावें. आपल्या घरीं चाललें म्हणजे काम झालें असें नव्हे. ज्याच्यासाठीं तें केलें त्याच्या घरीं तें उघडलें, म्हणजे तें पुरें झालें.