दोघी बहिणींचं कुटुंब असतं का?

प्रश्न : माझी थोरली बहीण, आमची अक्का, तरुणपणीच विधवा झाली. तिला मूलबाळ नाही. मी लग्न केलं नाही. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत अक्काच्या नावावर घर आहे, तिथे दोघी राहतो. लोक म्हणतात, "तुम्हाला कुटुंबच नाही." खरंच नाही का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आहे. 2011च्या जनगणनेत एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब धरलं गेलं, मग ती नात्याची असोत वा नसोत. एकटी राहणारी बाईसुद्धा तिथे स्वतंत्र कुटुंब. इरावती कर्वे यांनी 1953 साली नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या, त्यांतही छपराबरोबर सामाईक चूल आहेच. आणि 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. तुमच्या घरात ती अक्काच.

घरकुलाच्या अर्जावर मात्र पंतप्रधान आवास योजनेने नवरा, बायको आणि अविवाहित मुलं एवढंच कुटुंब मानलं. बहीण त्यात बसत नाही. कमावत्या प्रौढ व्यक्तीला वेगळं कुटुंब म्हणून अर्ज करता येतो, पण त्यातून तुम्ही दोघी एक ठरत नाही.

अर्जावर काहीही असो, सोलापूरला तरी बायकांनी चालवलेलं घर नवं वाटू नये. कापड गिरण्या बंद पडत गेल्या, तशी कितीतरी घरं बायकांच्या विड्यांवर उभी राहिली. तुमच्याच कुंभारीत 2006 साली गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं विडी कामगार महिलांना मिळाली. 2024च्या जानेवारीत शेजारच्या रे नगरात पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. अशा वस्तीत बाईने चालवलेल्या घराला कुटुंब म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? आणि कुटुंब लग्नाने किंवा जन्मानेच बनतं असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, 1875पासून प्रार्थना समाजाचा बालकाश्रम टाकून दिलेली मुलं वाढवत आला आहे. तिथलं मूल एखाद्या घरी दत्तक गेलं की ते त्या घरचंच होतं, आणि रक्ताचं नातं कुणी विचारत बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयही इथवर आलं आहे. चंदीगडच्या एका परिचारिकेला प्रसूती रजा नाकारली गेली, कारण नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची दोन मुलं आधीच तिच्या नोंदीत होती. 2022च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने तिची बाजू घेतली. जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, पुनर्विवाह यांनी घराचा आकार बदलतो, लग्नाशिवायची आणि समलिंगी जोडप्यांचीही घरं असतात, आणि अशा कुटुंबांनाही कायद्याचं संरक्षण हवं, असं निकालात म्हटलं आहे.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. हिंदू वारसा कायद्याच्या (1956) कलम 15नुसार मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतः कमावलेली मालमत्ता, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांचा क्रम त्यांच्यानंतर, बहिणीचा त्याहून पुढे. म्हणजे अक्काने विड्या वळून हप्ते फेडले असले तरी घर तिच्या दिरांचं किंवा पुतण्यांचं होऊ शकतं. त्यांनी तिला कधी विचारलं होतं की नाही, हे कायदा पाहत नाही. माझ्या मते हा उघड अन्याय आहे आणि हे कलम बदलायला हवं. ते बदलेपर्यंत तुम्ही उघड्यावर पडता कामा नये.

म्हणून अक्काला मृत्युपत्र करायला सांगा. साध्या कागदावरही चालतं, मुद्रांक लागत नाही. तिची सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे जरूर करा, पुढचा वाद टळतो. बँकेत आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलंत तरी तेवढ्यावर थांबू नका. नॉमिनी हा मालक नसतो. आणि तुमचंही मृत्युपत्र त्याच दिवशी, अक्काच्या नावे करा.