वस्तीची बाग, वस्तीचा निधी आणि वस्तीचा निर्णय



आपल्या शहरांतील वसाहतींमधून एक दृश्य वारंवार दिसते. एक मोकळी जागा असते. तिला कुंपण असते, दर्शनी भागावर निधी देणाऱ्याच्या नावाची मोठी पाटी असते आणि आत मात्र गवत वाळलेले, पाळणे मोडलेले, फाटकाला कुलूप लागलेले असते. येथे पैसा आला नाही असे म्हणता येत नाही. पैसा आला आणि खर्चही झाला. मग उणीव कशाची राहिली? पैसा येण्यापूर्वी वस्तीने एकत्र बसून जो निर्णय घ्यायला हवा होता, तो घेतला गेला नाही. किंवा दोन-चार पदाधिकाऱ्यांनी तो परस्पर घेतला आणि बाकीच्यांना उद्‌घाटनाच्या दिवशीच कळला. असा निर्णय कसा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१) जागा कोणाची हे प्रथम पाहावे

वस्तीतील मोकळी जागा साधारणपणे तीन प्रकारची असते. पहिला प्रकार मंजूर रेखांकनातील खुल्या जागेचा. मोठ्या भूखंडाचा विकास करताना काही भाग रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळा ठेवावाच लागतो. महाराष्ट्रात २०२० साली आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत हा भाग किमान १० टक्के असावा लागतो. दुसरा प्रकार शहराच्या विकास आराखड्यात बाग किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षित केलेल्या जागेचा. हा आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली होतो. तिसरा प्रकार नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या मालकीच्या तयार बागेचा.

कोणत्याही कामाचा ठराव मांडण्यापूर्वी मंजूर रेखांकन, विकास आराखडा आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा यांच्या प्रती मिळवाव्यात. जागा कोणाची हे ठाऊक नसताना वर्गणी गोळा केली, तर पुढे वाद कज्ज्यापर्यंत जातो आणि वर्गणी अडकून पडते.

येथे विद्यार्थ्यांनी एक घटनात्मक तरतूद लक्षात ठेवावी. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने राज्यघटनेत बारावी अनुसूची घातली. नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून आपल्या वस्तीत बाग असावी अशी मागणी करणे म्हणजे कोणाकडे मेहरबानी मागणे नव्हे.

२) पैसा कोठून येतो आणि कशासाठी येतो

वस्तीच्या कामाला पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो : रहिवाशांची वर्गणी, स्थानिक स्वराज्य संस्थेचे अंदाजपत्रक आणि लोकप्रतिनिधींचा विकास निधी. खासदार निधीचेच उदाहरण घेऊ. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. प्रत्येक खासदारामागे वर्षाला पहिल्या वर्षी ५ लाख, १९९४-९५ पासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी रुपये अशी तिची वाढ झाली. करोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये ती थांबवली गेली व नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या योजनेतील चार गोष्टी आपण समजून घ्याव्यात. पहिली, खासदार फक्त काम सुचवतात. मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासन करते. दुसरी, अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी किमान १५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी ७.५ टक्के रकमेची कामे सुचवावीत असे मार्गदर्शक तत्त्वांत घातले गेले. तिसरी, धार्मिक स्थळाच्या आवारात हा निधी वापरता येत नाही. म्हणजे विहाराच्या आवारातील कामाला तो मिळणार नाही, पण शेजारच्या सार्वजनिक जागेवरील बागेसाठी किंवा वाचनालयासाठी तो मागता येईल. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा पैसा कायम टिकणारी मालमत्ता उभी करण्यासाठी असतो. माळ्याचा पगार, विजेचे बिल, पाण्याचे बिल त्यातून भागत नाही. म्हणूनच काम झाल्यावर देखभाल कोण करणार याची हमी आधीच मागितली जाते.

वाळलेल्या बागेचे मूळ बहुधा याच हमीत सापडते. हमीच्या कागदावर सही एक-दोघे करतात, आणि ज्यांनी दरमहा पैसे द्यायचे त्यांना ते माहीतच नसते.

३) दोन शहरांचे अनुभव

ब्राझील देशातील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ साली एक नवी पद्धत सुरू केली. शहराचे १६ विभाग पाडले. प्रत्येक विभागात रहिवाशांच्या सभा होत. कोणते काम आधी करायचे याचा क्रम त्या लावत आणि आपले प्रतिनिधी निवडत. निधी वाटताना विभागाची लोकसंख्या किती, तेथे सोयींची उणीव किती आणि लोकांनी कोणत्या कामाला पहिला क्रम दिला, या तिन्हींना गुण असत. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याला निधी असे न होता, ज्याची उणीव मोठी त्याच्याकडे पैसा वळू लागला. गरीब वस्त्यांनी रस्ते, पाणी आणि मैलावाहिन्या यांना अग्रक्रम दिला. १९९६ साली इस्तंबूल येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या निवारा परिषदेत या पद्धतीचा गौरव झाला. परंतु २०१७ मध्ये तेथील नव्या कारभाराने ती स्थगित केली. लोकांनी मिळवलेली पद्धतही लोकांनीच जपावी लागते, हा त्यातील दुसरा धडा.

आपल्या पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पदपथ, बाके, दिवे, स्वच्छतागृह अशी लहान कामे सुचवू शकतात. उपक्रम चांगलाच आहे. पण पोर्तो अलेग्रेची पद्धत आणि ही पद्धत यांत एक फरक आहे. अर्ज एकेकट्याने भरता येतो, सभा मात्र एकट्याची होत नाही. अर्जात आपण आपली गरज सांगतो. सभेत शेजाऱ्याची गरज ऐकावी लागते, आणि ती ऐकल्यावर आपला अर्ज मागे ठेवण्याची वेळही येते. म्हणून वस्तीने आधी सभा घ्यावी, कामांचा क्रम ठरवावा आणि मगच सर्वांच्या नावाने अर्ज द्यावा.

४) सभेची शिस्त

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे दाखवून दिले की, संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्खू संघाला माहीत होते. विनयातील ही पद्धत वसाहतीच्या सभेलाही उपयोगी आहे.

संघात प्रथम ‘ञत्ति’ म्हणजे प्रस्ताव मांडला जाई. महत्त्वाच्या कामात तो मांडल्यानंतर तीन वेळा घोषणा होई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. मतभेद राहिल्यास शलाका, म्हणजे काड्या वाटून मते घेत. शलाका वाटणारा भिक्खू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा असा नियम होता. निर्णयात कोण सहभागी होणार हे ठरवण्यासाठी ‘सीमा’ आखलेली असे. आणि जो भिक्खू आजारपणामुळे येऊ शकत नसे, त्याची संमती दुसऱ्याकरवी सभेत आणली जाई. तिला ‘छंद’ म्हणत.

आता आपल्या सभा आठवून पाहा. सभा सकाळी दहाला ठेवली, तर घरकामाला जाणाऱ्या भगिनी येत नाहीत. भाडेकरूंना बोलावले जात नाही, जरी त्यांचीच मुले त्या जागेत खेळतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कोणी विचारत नाही. मग अध्यक्ष म्हणतात, “कोणाचा विरोध नाही, ठराव सर्वानुमते मंजूर.” जे सभेत नाहीत त्यांच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येत नाही. सीमा आधी आखावी, म्हणजे कोणती घरे या निर्णयात येतात त्यांची यादी करावी. येऊ न शकणाऱ्यांचे मत घरी जाऊन लिहून आणावे. प्रस्ताव पहिल्या सभेत मांडावा, सूचना फलकावर लावावा आणि निर्णय दुसऱ्या किंवा तिसऱ्या सभेत घ्यावा.

५) एक हिशेब

समजा, एका वसाहतीत १२० घरे आहेत आणि बागेसाठी ५ लाख रुपये मिळणार आहेत. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) एक गट म्हणतो, कमान आणि कारंजे करू. दुसरा गट म्हणतो, नळजोडणी, पाण्याची टाकी, सावलीची झाडे, बाके आणि स्वच्छतागृह करू. मत घेण्यापूर्वी दरमहाचा खर्च मांडला पाहिजे. दुसऱ्या गटाच्या योजनेचा खर्च असा :

माळ्याचे अर्धवेळ वेतन ४,००० रुपये, पाणी व वीज १,५०० रुपये, साफसफाई व दुरुस्ती १,५०० रुपये. एकूण दरमहा ७,००० रुपये, म्हणजे वर्षाला ८४,००० रुपये.

१२० घरांनी प्रत्येकी ६० रुपये दिले तर ७,२०० रुपये जमतात आणि हिशेब जुळतो. पण त्यांतील ३० घरे रोजंदारीवर जगणारी आहेत आणि त्यांना हा भार झेपत नाही. त्यांना सूट देऊन वर्गणी तेवढीच ठेवली तर ९० घरांचे ५,४०० रुपये होतात व दरमहा १,६०० रुपये कमी पडतात. मग दर बदलून पाहू. ३० घरांनी २० रुपये दिले तर ६०० आणि ९० घरांनी ७५ रुपये दिले तर ६,७५०, मिळून ७,३५० रुपये होतात. आता ७५ रुपये देणाऱ्यांपैकी दहा घरांची थकबाकी राहील असे धरा. म्हणजे ७५० रुपये कमी होऊन ६,६०० उरतील आणि दरमहा ४०० रुपयांची तूट येईल. ती महिन्यातून एका रविवारच्या श्रमदानाने, साफसफाईचा खर्च वाचवून भरून काढता येईल. मात्र श्रमदान सर्व घरांनी पाळीपाळीने करावे. ते फक्त गरीब ३० घरांवर पडले, तर तो न्याय होणार नाही.

कारंज्याचाही असाच हिशेब मांडावा. पंपाची वीज आणि दुरुस्ती कोण देणार हा प्रश्न निघाला की पुष्कळदा वाद आपोआप मिटतो, कारण वाद आवडीनिवडीचा न राहता खर्चाचा होतो. जागेच्या वापराचेही तसेच. मुलांना क्रिकेट हवे आणि वृद्धांना फिरायला जागा हवी, तर दोघांत हार-जीत न करता वेळा ठरवून द्याव्यात व त्या फाटकावर लिहाव्यात.

६) ठराव आणि दप्तर

झालेला निर्णय त्याच दिवशी इतिवृत्तात लिहावा. ठराव कसा असावा?

“ठराव क्र. ३ : वसाहतीच्या खुल्या जागेत नळजोडणी, पाण्याची टाकी, झाडे, बाके व स्वच्छतागृह ही कामे याच क्रमाने करावीत. देखभालीचा अंदाजे खर्च दरमहा रु. ७,००० असून तो सोबतच्या दरपत्रकाप्रमाणे वर्गणीतून भागवावा. जमाखर्च दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत फलकावर लावावा. ठरावाच्या बाजूने ..., विरोधी ..., तटस्थ .... सूचक : .... अनुमोदक : ....”

विरोधी मतांची संख्या लिहिण्यास कचरू नये. आपला विरोध कागदावर नोंदला गेला, हे पाहिलेला माणूस पुढे वर्गणी द्यायला तयार होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

बँकेच्या खिडकीवरून एक सूचना करावीशी वाटते. संस्थेच्या नावाने खाते उघडताना नोंदणीचे प्रमाणपत्र, नियमावली, पॅन कार्ड आणि खाते कोणी चालवायचे याच्या ठरावाची प्रत लागते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करण्यास किमान सात व्यक्ती लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो, आणि पदाधिकारी बदलल्यास ९० दिवसांत बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. हे काम राहून गेले की जुने पदाधिकारी सही करीत नाहीत, नव्यांची सही चालत नाही आणि वस्तीचा पैसा वस्तीलाच मिळत नाही. वर्गणी कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात कधीही ठेवू नये; तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी ठेवू नये. रक्कम काढताना किमान दोन सह्या असाव्यात.

समारोप

बाग ही लहान गोष्ट आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वस्तीला ५ लाखांचा निर्णय सर्वांना विचारून घेता येतो, तिला उद्या शाळेचा, पाण्याचा आणि घरांचा प्रश्नही एकजुटीने मांडता येतो. निधी देणारे बदलतात, निवडून येणारेही बदलतात. इतिवृत्ताची वही मात्र वस्तीकडे राहते, आणि पुढच्या पिढीला ती वाचता येईल अशी लिहिलेली असावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या वस्तीतील मोकळी जागा वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारची आहे? कागदपत्रे पाहून लिहा.

२) मागील सभेला कोण येऊ शकले नाहीत? त्यांचे मत कसे मिळवता आले असते?

३) वरील उदाहरणात माळ्याचे वेतन ५,००० रुपये झाले, तर वर्गणीचे दर कसे ठरवाल? दोन पर्याय मांडा आणि त्यांतील न्याय्य कोणता ते कारणासह सांगा.