मेंदूचा नकाशा आणि त्याची तपासणी

विज्ञानाच्या तासाला मेंदूच्या चित्रांविषयीं सांगत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, चित्र यंत्रानें काढलें आणि मापेंहि यंत्रानेंच घेतलीं, तर मग त्यांत चूक कशी राहील?" प्रश्न चांगला होता, परंतु घंटा होत आल्यामुळें मीं दिलेलें उत्तर अपुरें पडलें. तें पुरें करण्याकरितां हा लेख आहे.

प्रथम चित्र कसें असतें तें पाहूं. एम. आर. आय. नांवाच्या यंत्रांत मनुष्यास प्रबळ चुंबकाच्या पोकळींत निजवितात, आणि शरीरांतील हायड्रोजनच्या परमाणूंकडून येणाऱ्या क्षीण रेडिओ-संदेशांवरून आंतील चित्र उभें करितात. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें चित्र कागदावरील चित्रासारखें सपाट नसतें. खडीसाखरेचे चिमुकले घन एकावर एक रचून मनुष्याचें डोकें बनवावें, तसें तें असतें. प्रत्येक घनाची बाजू बहुधा १ मिलिमीटर. आणि तिन्ही दिशांना २५६ घन मावतील अशा पेटींत तें बसविलें, तर एकंदर १,६७,७७,२१६ घन होतात. प्रत्येक घनाजवळ एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपण किती उजळ आहों हें सांगणारा एक आंकडा. ज्या जातीचें चित्र या कामीं घेतात, त्यांत मेंदूच्या आंतील श्वेत द्रव्य उजळ, त्यावरील करड्या द्रव्याची साल मध्यम, व भोंवतालचें पाणी काळें दिसतें. यापलीकडे यंत्रास कांहींहि ठाऊक नसतें. साल कोणती व कवटी कोणती, हें त्या आंकड्यांवरून मागाहून ठरवावें लागतें. आणि चुकीला वाव मिळतो तो येथेंच.

ही करडी साल किती जाड असेल? सुमारें १ ते ४.५ मिलिमीटर, सरासरी अडीच. म्हणजे आपले अडीच घन! शिवाय ती अक्रोडाच्या गरासारखी घड्याघड्यांची असून तिचा सुमारें दोन-तृतीयांश भाग घळींत दडलेला असतो. अल्झायमरच्या व्याधींत कानशिलाच्या आंतल्या बाजूची साल आरंभींच पातळ होऊं लागते. पण ती झीज मिलिमीटरच्या अंशांनीं मोजावयाची. तेव्हां सालीची सीमारेषा अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी निरोगी माणूस रोगी ठरावयाचा, किंवा रोग्याची झीज लपून जावयाची. चूक आणि रोग हीं दोन्ही आंकड्यांत एकाच वेषानें येतात, हीच यांतील खरी अडचण आहे.

हें मापन करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींत 'फ्रीसर्फर' ही प्रसिद्ध आहे. अँडर्स डेल, ब्रूस फिशल व मार्टिन सेरेनो यांनीं तिची रीत १९९९ सालीं प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेंतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रांत ती वाढली. ती कोणासहि विनामूल्य मिळते. तिचें काम पायरीपायरीनें चालतें. डोकें एका ठराविक चौकटींत बसविणें, उजेडाची विषमता घालविणें, कवटी सोलणें, श्वेत द्रव्य वेगळें करणें, त्याभोंवतीं त्रिकोणांची जाळी विणणें, आणि शेवटीं तीच जाळी फुगवीत करड्या सालीच्या बाह्य कांठापर्यंत नेणें. आंतील व बाहेरील या दोन जाळ्यांमधील अंतर म्हणजे सालीची जाडी.

ज्या चौकटीचा वर उल्लेख केला तिला फ्रेंच शल्यवैद्य जाँ तालेराक यांचें नांव आहे. त्यांचा १९८८ चा नकाशासंग्रह साठ वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मेंदूवरून केलेला होता! पुढें कॅनडांतील माँट्रियल येथें ३०५ माणसांच्या मेंदूंची सरासरी काढून नवा नमुना केला, आणि नांव जुनें ठेवूनहि आज्ञावली वापरते तो हा नमुना. ही बसवणी चुकली, डोकें तिरपें बसलें किंवा मान ताणल्यासारखें दिसलें, तर पुढील पायऱ्या भलत्याच जागीं काम सुरू करितात. म्हणून तपासणाऱ्यानें पहिल्यानें ती पाहावी. गणितांत पहिली ओळ चुकली असतां शेवटचें उत्तर खोडून काय उपयोग? पहिली चूक काढली कीं पुढच्या कित्येक चुका आपोआप नाहींशा होतात.

कवटी सोलण्याची रीत मोठी मौजेची आहे. तिला पाणलोटाचें नांव आहे. उजळपणा उलट मोजून सारें चित्र डोंगरदऱ्यांचा प्रदेश आहे असें मानावयाचें, व त्यांत पाणी भरीत जावयाचें. म्हणजे मेंदू एका तळ्यांत येतो व कवटी बांधापलीकडे राहते. पाण्याची पातळी बहुधा शेंकडा २५ धरतात. ती कमी केली तर सोलणें अधिक कडक होतें. वाढविली तर मेंदू अधिक राखला जातो. पातळी न साधल्यास दोन प्रकारचे घोटाळे होतात. कधीं कवटीबरोबर मेंदूचाहि तुकडा निघून जातो. कधीं उलट, मेंदूवरील चिवट आवरण शिल्लक राहतें, आणि तें रंगानें करड्या सालीसारखेंच असल्यामुळें बाह्य रेषा त्यावर चढून साल उगीचच जाड दाखविते. अशा वेळीं तपासणारा त्या आवरणाचे घन एकेक करून पुसतो व गणित पुन्हां चालवितो.

रेषा हातानें ओढून जागेवर आणीत नाहींत, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या घनांमुळें रेषा चुकली ते घन दुरुस्त करावयाचे, आणि रेषा आज्ञावलीनेंच पुन्हां काढावयाची. यास वेळ लागतो. एका मेंदूचें गणित कित्येक तास चालतें. पण ओढलेली रेषा ओढणाऱ्याच्या मनाची असते, आणि पुन्हां काढलेली रेषा चित्राच्या आधाराची असते.

उजेडाची विषमता हा दुसरा शत्रू. कानशिलाकडील टोंकाला श्वेत द्रव्यहि कधीं मंद दिसतें. मग आज्ञावली त्यास करडें समजते व आंतील रेषा अलीकडेच थांबते. येथें तपासणारा 'हा घन निश्चित श्वेत आहे' अशा खुणेचे थोडे बिंदू ठेवितो. आज्ञावली श्वेत द्रव्याचा उजेड ११० या आंकड्यावर आणूं पाहते, तेव्हां तेवढ्या आधारावर ती आसपासचा उजेड सुधारून घेते. बिंदू मात्र खात्रीच्या श्वेत घनावरच ठेवावा. एखादा करड्या सालीवर पडला तर उपाय अपायाहून वाईट.

आतां जाळीविषयीं, कारण येथें तुमच्या भूमितीचा संबंध येतो. मेंदूचा एकेक अर्धगोल घड्या उलगडून फुगविला तर चेंडूसारखा व्हावयास पाहिजे. त्यास भोंक नसावें, कपासारखा कान नसावा. परंतु घळीच्या दोन कांठांमध्यें चुकून चार घन उजळ राहिले कीं पूल तयार होतो, आणि श्वेत द्रव्यांत चार घन काळे राहिले कीं आरपार बोगदा. लाखावर बिंदूंच्या जाळींत असे दोष डोळ्यांनीं कोण शोधील? येथें अठराव्या शतकांतील गणिती ऑयलर साह्यास येतो. घन घ्या. त्याचे कोपरे ८, कडा १२, बाजू ६; आणि ८ − १२ + ६ = २. कोणतीहि बिनभोंकाची वस्तु घेतली तरी उत्तर २ च येतें. आतां तसबिरीची चौकोनी चौकट घ्या, जिच्या चारी कोपऱ्यांत तिरपा सांधा असतो. तिचे कोपरे १६, कडा ३२, बाजू १६, उत्तर शून्य. प्रत्येक भोंकामागें २ कमी होतात. म्हणून संगणक आपल्या जाळीचे कोपरे, कडा व त्रिकोण मोजतो, आणि २ पासून उत्तर किती घसरलें यावरून दोषांची संख्या क्षणांत सांगतो. दोष किती हें कळलें, तरी तेथें पूल तोडावा कीं खड्डा भरावा हें ठरवितांना तो कधींकधीं चुकतो. मोठ्या दोषाजवळ मनुष्याची नजर लागतेच.

ही नजर एकाच छेदावर ठेवून भागत नाहीं. कांदा तिरपा कापला तर त्याचा पापुद्रा जाड दिसतो, तसें येथेंहि होतें. म्हणून मागचे-पुढचे छेद व तिन्ही दिशा पाहिल्यावांचून कांहीं पुसूं नये. दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीकडे तर साल संपतेच. तेथील रेषा वांकडी दिसली तरी तिच्या नादीं लागूं नये. नवशिके तपासनीस बहुधा फार दुरुस्त्या करितात. आम्हां शिक्षकांसहि लाल शाईचा हा मोह ठाऊक आहे.

जुळणीचा प्रकार निराळा. मनुष्य वाचीत किंवा बोट हलवीत असतां मेंदूचा कोणता भाग काम करितो हें दाखविणारें चित्र भरड असतें. त्याचा घन बहुधा २ ते ३ मिलिमीटरांचा. तें पहिल्या सूक्ष्म चित्रावर अचूक बसवावें लागतें. डोकें एकाच माणसाचें असल्यामुळें तें ताणावयाचें नाहीं. तीन दिशांना सरकविणें व तीन दिशांना फिरविणें, या सहा आंकड्यांतच काम भागलें पाहिजे. २००९ सालीं डग्लस ग्रीव्ह व फिशल यांनीं श्वेत-करड्या सीमेचाच आधार घेऊन बसविण्याची रीत दिली. तपासणीसाठीं सूक्ष्म चित्रावरील रेषा भरड चित्रावर घालून पाहतात, किंवा दोन्ही चित्रें आळीपाळीनें दाखवितात; जुळणी बरोबर असेल तर मेंदूंतील पाण्याच्या पोकळ्या जागच्या जागीं राहतात.

या कामांतील सर्वांत फसवी चूक म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल. मेंदूचे दोन अर्धे इतके सारखे असतात कीं, आरशांतल्याप्रमाणें उलटलेलें चित्रहि सुरेख जुळल्यासारखें दिसतें! म्हणून पुष्कळ ठिकाणीं चित्र घेतांना उजव्या कानशिलावर जीवनसत्त्व ई ची एक तेलाची गोळी चिकटवितात. ती चित्रांत उजळ ठिपक्याप्रमाणें उमटते.

कांहीं चुकांना मात्र दुरुस्ती नाहीं. चित्र घेतांना डोकें हललें तर साल असते त्याहून पातळ दिसते, हें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. मुलें व रोगी माणसें अधिक हलतात. म्हणजे त्यांच्याच माथीं खोटी झीज लागावयाची. असें चित्र टाकून दुसरें घेणें, एवढाच मार्ग उरतो.

पालकांस एक खुलासा करितों. दवाखान्यांतून येणारा नेहमींचा अहवाल या जाळ्यांवरून लिहिलेला नसतो. तज्ज्ञ डॉक्टर मूळ चित्रें स्वतः पाहून तो लिहितात. वर सांगितलेलें मापन मुख्यतः संशोधनांत चालतें. पण पुढील वैद्यक त्याच आंकड्यांवर उभें राहावयाचें असल्यामुळें तेथें एक कडक नियम पाळतात. परीक्षेच्या पेपरावर नांव नसतें, क्रमांक असतो. तसेंच पुसणाऱ्याच्या हातीं जें चित्र येतें तें रोग्याचें कीं निरोग्याचें हें त्यास कळूं देत नाहींत. कळलें तर मन नकळत रोग्याची साल पातळ व निरोग्याची जाड करूं लागतें. काय दुरुस्त करावयाचें हें आधींच ठरवितात, प्रत्येक बदलाची नोंद ठेवितात, मूळ चित्र जसेंच्या तसें राखतात, आणि कांहीं चित्रें दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतात.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं पुठ्ठ्याची चौकट करून आला. त्यानें एकाऐवजीं दोन खिडक्या कापल्या होत्या, आणि सांध्यांच्या रेषा आंखून मोजलेलें उत्तर वहींत लिहिलें होतें: −२.