मंत्र्यांचे उत्तर कसे वाचावे?

सरकारी नोकरीसाठी किती कोटी अर्ज आले आणि किती लाखांची निवड झाली, अशी बातमी आपण वाचतो, चार दिवस त्यावर तावातावाने बोलतो आणि पुढच्या जाहिरातीचा अर्ज भरायला बसतो. ही बातमी मंत्र्यांच्या ज्या उत्तरावरून तयार होते, ते मूळ उत्तर मात्र फार थोडे लोक वाचतात. आम्ही बँकेतील साधे कारकून, राज्यशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु आकड्यांचा रकाना नीट वाचण्याची सवय नोकरीने लावली आहे. त्या बळावर हा लहानसा पाठ.

लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नास मंत्री तोंडी उत्तर देतात व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. एका दिवसाला तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३०. म्हणजे बहुतेक माहिती कागदावरच येते, आणि कागदाला उलट प्रश्न करता येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनाही अशी उत्तरे द्यावी लागत. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात ती आहेत. विद्यार्थ्यांनी जरूर पाहावीत.

आता एक अलीकडचे उत्तर घेऊ. २७ जुलै २०२२ रोजी कार्मिक खात्याचे राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रातील नोकऱ्यांसाठी २२,०५,९९,२३८ अर्ज आले आणि ७,२२,३११ उमेदवारांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. भागाकार केला तर सुमारे ३०५ अर्जांमागे एक.

पण येथेच थांबायचे. २२ कोटी अर्ज म्हणजे २२ कोटी माणसे नव्हेत. पूर्वी परीक्षेच्या शुल्काचे डिमांड ड्राफ्ट काढायला मुले आमच्या काउंटरवर येत. एकाच मुलासाठी एका दिवशी तीन-तीन ड्राफ्ट आम्ही आमच्या हाताने केले आहेत. (त्यातला एक मुलगा पुढे आमच्याच शेजारच्या टेबलावर बसला, हे सांगायला आनंद वाटतो.) दुसरे म्हणजे, शिफारस झाली म्हणजे उमेदवार रुजू झाला असे नव्हे. तिसरी बाब अधिक नाजूक आहे. २०१८-१९ मध्ये अर्ज पाच कोटींहून अधिक आले आणि शिफारशी अवघ्या ३८,१०० झाल्या. हे वाचून कोणाचाही संताप होईल. पण लगेच पुढच्या वर्षी, २०१९-२० मध्ये, शिफारशी १,४७,०९६ आहेत. रेल्वेने २०१८ मध्ये मोठी भरती काढली होती, आणि अशा भरतीचा निकाल त्याच वर्षी लागत नाही. म्हणून एका वर्षाचे अर्ज व त्याच वर्षाच्या शिफारशी यांचा भागाकार करू नये. मात्र आठ वर्षांची बेरीज इतकी सहज झटकता येत नाही.

कधी उत्तरात आकडाच नसतो. १४ सप्टेंबर २०२० रोजी टाळेबंदीत गावी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी प्रश्न होता. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर परतले, हे कामगार मंत्रालयाने सांगितले. किती मृत्यू पावले? अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मग नुकसानभरपाई? प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या नकारावर दुसरा नकार कसा उभा राहतो, ते येथे पाहावे. नोंद नसेल तर हक्कही कागदावर येत नाही. बँकेत पावती नसलेल्या माणसाचे जे होते, तेच.

यासाठी प्रश्नच नेमका हवा. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपल्या खासदारांना पत्र लिहावे व प्रश्न सुचवावा. आम्ही केलेला मसुदा असा:

(अ) गेल्या पाच वर्षांत केंद्रीय भरतीसाठी किती अर्ज आले, आणि ते किती व्यक्तींचे होते?
(ब) शिफारस झालेल्यांपैकी किती उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाले, वर्षनिहाय व प्रवर्गनिहाय?
(क) राखीव पदांचा अनुशेष आज किती आहे, आणि तो भरण्याची जाहिरात कोणत्या तारखेपर्यंत निघेल?
(ड) ही माहिती ठेवली जात नसल्यास, ती ठेवण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची आहे?