सांख्यिकीची पदवी आणि शिवारातील न्याय

माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड हे सातारा जिल्ह्यातील माण या अवर्षणप्रवण तालुक्याचे नगर होय. बाजरी व रब्बी ज्वारी ही येथील कोरडवाहू शेतीची प्रमुख पिके. पाऊस ओढ देतो तेव्हा पीक किती बुडाले, या प्रश्नाच्या उत्तरावर पीक विम्याची भरपाई अवलंबून असते. ते उत्तर शोधण्याची रीत सांख्यिकीशास्त्र शिकविते. म्हणूनच बारावीनंतर अभ्यासक्रम निवडताना या विषयाचाही विचार होणे अगत्याचे आहे.

शेजारच्या तालुक्याचे उदाहरण

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली माणलगतच्या खटाव तालुक्यातील बुध या गावी झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी या खाजगी संस्थेने १८८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी सांख्यिकीचे उच्च शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत असताना, यादृच्छिक नमुन्याने पिकाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीला त्यांनी भक्कम बैठक दिली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

कापणीचा तुकडा

पीक कापणी प्रयोगात शेतातील ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील धान्य तोलले जाते. तुकडा फार लहान असेल तर उत्पादन वास्तवापेक्षा अधिक दिसते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले. त्याचे कारण सोपे आहे. २ मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, तर कडा ८ मीटर असते. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकड्याचे क्षेत्रफळ ५०, पण कडा अवघी ३० मीटर. कडेवरची ताटे आत धरण्याची चूक लहान तुकड्यात म्हणून अधिक जड जाते. मोठ्या तुकड्यातही सावधगिरी हवीच. ५० चौरस मीटरमधील १ किलोची चूक हेक्टरी २ क्विंटलची होते. कागदावर वाढलेले हे २ क्विंटल शेतकऱ्याची भरपाई हिरावून घेऊ शकतात.

पदवीचा मार्ग

बारावीस विज्ञान शाखेत गणित घेतलेल्या विद्यार्थ्यास बी. एस्सी.ला सांख्यिकी घेता येते. संभाव्यता, नमुना पाहणी, प्रयोगरचना व संगणकावरील प्रात्यक्षिके हा अभ्यासाचा गाभा होय. महाविद्यालय खाजगी म्हणजे शुल्क आवाक्याबाहेर, असे समजण्याचे कारण नाही; अनेक खाजगी संस्थांच्या महाविद्यालयांना शासनाचे अनुदान आहे. मात्र एकाच महाविद्यालयात अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : तुकडी कोणती, सांख्यिकी हा शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून शिकविला जातो काय, आणि कोणती शिष्यवृत्ती लागू होते. पदव्युत्तर शिक्षणाची सोय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेस बसण्याचा मार्गही या पदवीने खुला होतो.

शिक्षकांनी गणितात गती असणाऱ्या मुलामुलींना हा मार्ग दाखवावा. पंचायत सदस्यांनी कापणी प्रयोगाच्या वेळी अशा विद्यार्थ्यांना शिवारात बोलवावे. तुकडा कसा आखला, धान्य कसे तोलले, हे ज्यास कळते असा एक पदवीधर गावात असणे, ही दुष्काळी गावाची मोठीच जमेची बाजू ठरेल.