शाळेला कुलूप होतं

भाऊबीजेच्या संध्याकाळी लेकीचा नेपाळहून व्हिडिओ कॉल आला. मागे डोंगर, निळ्या दाराची बैठी शाळा आणि दाराला हे एवढं कुलूप. “आई, इथेपण दिवाळीचीच सुट्टी आहे गं. शिकवायचं कोणाला?”

आपली दिवाळी तीच नेपाळची तिहार, आपली भाऊबीज तीच त्यांची भाईटीका. ‘पहाडी शाळेत दहा दिवस अध्यापनसेवा’ म्हणून आमच्याकडून 42,000 रुपये घेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? तो दर वर्षी गट नेतो, चांगलं ठाऊक होतं. आपल्या कॉलेजांना सुट्टी दिवाळीत असते म्हणून त्याने दिवाळी धरली. तिथल्या पोरांचा त्याने विचारच केला नव्हता.

त्याच रात्री त्याला फोन लावला. “ताई, ॲडजस्ट करा ना, पोरं मजेत आहेत. पोखऱ्यात फिरायला एक दिवस वाढवून देतो.” जळगावात माझा मुलगा ओवाळून घ्यायचा थांबलेला आणि हा मला पोखरा देतो! सासूबाई तर एवढंच म्हणाल्या, “भाऊबीजले बहीन घर नही, हाई कसी सेवा?” 

चौकशी न करता पैसे भरले, असं आता नातेवाईक म्हणतात. केली होती चौकशी. त्याच्या धुळ्याच्या ऑफिसात दोनदा गेले, आदल्या वर्षीच्या दोन पालकांशी बोलले. फोटोंत फळा होता, पोरं होती. फोटो कोणत्या महिन्यातले, हे विचारायचं कुणाला सुचलं असतं? तुम्ही मात्र विचारा. शाळेचं नाव घ्या, मुख्याध्यापकांचा नंबर घ्या आणि त्या तारखांना वर्ग भरतात का, ते स्वतः विचारा. नेपाळात शाळेला शनिवारी सुट्टी असते, हेही मला लेकीकडून कळलं.

शाळा बंद, म्हणून गटाला काठमांडूच्या एका बालगृहात नेलं. सगळी अनाथ मुलं, असं सांगितलं. तिथला सहा-सात वर्षांचा एक पोरगा लेकीच्या ओढणीचा पदर सोडेना. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, माझी आई गावाला आहे, हुमल्यात. लेक त्या रात्री जेवली नाही. 1996 ते 2006 च्या माओवादी संघर्षात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून आईबापांना शिक्षणाचं आश्वासन देऊन मुलं काठमांडूत आणली गेली आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर तसली घरं चालली, हे मी नंतर वाचलं. चार दिवसांच्या पाहुण्यांना लहान मुलांत सोडणारा कार्यक्रम कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. पोरं लळा लावून घेतात आणि आपली बस निघते.

पैशाचं सांगते. त्याने पावती दिली ती ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून. परत मागितले तर म्हणतो, देणगी कुठे परत मिळते? परदेशी सहलीच्या पॅकेजवर जीएसटी आणि टीसीएस लागतो. टीसीएस म्हणजे विक्रेत्याने वसूल केलेला आयकर; तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकराच्या नोंदीत दिसतो. बिलावर हे दोन्ही नसतील तर तिथेच उठा. कागद वाचून सही करा, हे तर सगळेच सांगतात.

फसलात तर गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. 1915 वर फोन करून आधी विचारून घ्या. मी तक्रार केली आहे. त्याचे सगळे मेसेज ठेवले, ‘अध्यापन’ शब्द असलेलं माहितीपत्रकही जोडलं. 

आणि पोरांना सेवाच शिकवायची तर आधी साक्री तालुक्यातलं बारीपाडा दाखवा. चैत्राम पवारांनी गावकऱ्यांसोबत तिथलं जंगल उभं केलं, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 

लेकीला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ‘60 तास अध्यापन’ असं छापलं आहे. परदेशी शिक्षणाच्या अर्जाच्या फाईलला ते लाव, असं तो माणूस अजून सांगतो. तिने लावलं नाही. ते मी तक्रारीला जोडलं.